इंदुरात ट्रॅकवर पळवायला आर.सी. बग्गी : कोणती घ्यावी?

सुदामानगरी | ३ मे, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. इथले धागे बरेच वाचतो, काढतो मात्र पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

झालं असं की मागच्या रविवारी ऑफिसातल्या एका मित्राने राऊच्या पुढे त्याच्या मेव्हण्याच्या शेतावर नेलं. मला वाटलं दाल-बाफल्यांचा बेत आहे. बेत होताच, पण त्याआधी शेताच्या कडेला सातआठ जण (त्यात दोघे माझ्याहूनही वयस्क) पिस्तुलासारखे रिमोट धरून एका बाकावर उभे होते आणि खाली मातीच्या ट्रॅकवर हातभर लांबीच्या गाड्या उड्या मारत होत्या. आमचे चिरंजीव, वय १२, परत येताना एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे मामला गंभीर.

तेव्हा आर.सी. (रिमोट कंट्रोलवाली) गाडी घ्यायची आहे. रविवारी त्या ट्रॅकवर इतरांसोबत पळवायची आणि एरवी संध्याकाळी कॉलनीतल्या बगिच्यात किंवा दशहरा मैदानावर. बजेट सगळं धरून २५ हजार. सौ. ना १५ सांगितलंय.

आठवडाभर व्हिडिओ पाहून डोकं भणभणलंय. आत्तापर्यंत डोक्यात असलेली नावं: डब्ल्यूएलटॉइजची १४४००१, तामियाची टीटी-०२बी, ट्रॅक्ससची बँडिट, आणि स्वप्नात आरमाची टायफॉन. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पोहेजिलबी | ३ मे, रात्री ११:०२

शीर्षक वाचून वाटलं वरातीची बग्गी ठरवायची आहे. घोड्याचा नंबर पाठवणार होतो.

वाचतोय.

---

फुल्लथ्रॉटल | ३ मे, रात्री ११:३०

टायफॉन थ्रीएस. डोळे झाकून. छोटी गाडी घ्याल, महिन्यात कंटाळाल, मग मोठी घ्याल, म्हणजे पैसे दोनदा जाणार. ब्रशलेस मोटर (कार्बन ब्रश नसलेली), चारही चाकांना ताकद, थ्रीएस (तीन सेलच्या) बॅटरीवर ताशी ८० च्या पुढे जाते. बजेट थोडं ताणा भिया.

---

स्परगियर | ४ मे, सकाळी ६:१५

सुदामानगरी, गाडीचं नाव सांगण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ट्रॅकचा सर्वांत लांब सरळ पट्टा किती मीटर? माती कसली? आणि तिथे बाकीचे लोक काय पळवतात? यांतलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पण ते कोणी विचारत नाही.

तोवर फुल्लथ्रॉटलरावांसाठी एक त्रैराशिक. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. शेतावरच्या ट्रॅकचा सरळ पट्टा १८ मीटरचा धरला तर ६० च्या वेगाने तो एका सेकंदात संपतो. त्या एका सेकंदात तुम्ही ट्रिगर दाबणार, सोडणार, ब्रेक मारणार आणि वळणार? ८० ची गाडी तिथे ३० नेच पळेल आणि उरलेली ताकद कुंपणाच्या खांबावर खर्च होईल. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला (वाहनांच्या चाचणी केंद्राला) ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे सोडत असतील तर टायफॉन जरूर घ्या, मीही येतो बघायला.

---

पोहेजिलबी | ४ मे, सकाळी ८:५०

स्परगियरकाका सकाळी सव्वासहाला त्रैराशिक मांडतात. आम्हाला त्या वेळी पोह्यावर किती शेव घालायची तेवढंच गणित सुचतं.

---

सुदामानगरी | ४ मे, रात्री ९:२०

काका, आज मित्राला विचारून घेतलं. सरळ पट्टा त्याच्या पावलांनी ३० पावलं, म्हणजे २०-२२ मीटर. माती आपली माळव्याची काळीच, पण वर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून रोलर फिरवलाय. वळणांना जुने स्कूटरचे टायर अर्धे गाडलेत. उड्या दोन. गाड्या म्हणाल तर पाच जणांकडे १४४००१, दोघांकडे जुन्या टू व्हील ड्राइव्ह बग्ग्या (तामियाच्या असाव्यात), आणि एका काकांकडे इंजिनवाली मोठी. ती सुरू झाली की बाकीचे चहा प्यायला जातात.

---

स्परगियर | ५ मे, सकाळी ६:३०

झालं तर मग. उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. पाच जणांकडे १४४००१ आहे, म्हणून तुम्हीही १४४००१ घ्या.

कारण सांगतो. मी पीथमपुरात तीस वर्षं गिअरबॉक्समध्ये हात काळे केले आणि गेली अकरा वर्षं ह्या खेळण्यांमध्ये करतोय. शर्यत ही सारख्या गाड्यांची असते. १/८ मापाची (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश) गाडी १/१४ च्या घोळक्यात सोडली तर ती शर्यत राहत नाही, अपघात होतो. वजनाचाच फरक बघा ना, छोटी किलोच्या आसपास, मोठी तीन-साडेतीन किलोची. जगभर क्लास पाडतात ते ह्याचसाठी. तुम्ही एकटेच बँडिट घेऊन गेलात तर गाडी उत्तम असूनही तुम्ही शर्यतीत एकटेच असाल.

दुसरं कारण सुट्या भागांचं. आर.सी. मध्ये गाडी तुटते का हा प्रश्नच नाही, तुटतेच. प्रश्न एवढाच की रविवारी सकाळी आठ वाजता तुटलेला आर्म (चाक गाडीशी जोडणारा दांडा) साडेआठला कुठून आणणार? इंदुरात जेल रोडवर मोबाईलचा कुठलाही पार्ट मिळेल, पण बग्गीचा फ्रंट आर्म नाही. तो मिळतो बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या डब्यात. पाच डब्यांत तुमच्या गाडीचे पार्ट असणं ही चैन आहे.

आता गाडीविषयी. १४४००१ म्हणजे १/१४ मापाची, चारही चाकांना ताकद, मधून शाफ्ट, खाली धातूची चासी, ५५० मापाची ब्रश्ड (ब्रशवाली) मोटर, ७.४ व्होल्टची टूएस (दोन सेलची) लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, १५०० एमएएच. खोक्यावर ताशी ६० लिहिलेलं असतं, ते विसरून जा. ट्रॅकवर बॅटरी आठदहा मिनिटं चालते आणि शर्यत पाच मिनिटांची असते, म्हणजे पुरते. चाकाचा हेक्स (चाक बसतं तो षटकोनी तुकडा) १२ मिमीचा, म्हणजे १/१० च्या गाड्यांसारखाच. टायर बदलायचे झाले तर हे कामाला येतं.

कुठलीही नवी गाडी घरी आली की आधी पळवायची नाही. आधी सगळे स्क्रू तपासा. धातूत धातू जाणारा स्क्रू असेल तर निळं थ्रेडलॉकर एक टिपका. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते कधीही लावू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. दोन्ही डिफ (डिफरन्शियल) उघडून ग्रीस आहे का ते बघा. पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि स्पर (त्याला लागून असलेलं मोठं) यांच्या मधून वहीच्या कागदाची पट्टी फिरवा : पट्टी न फाटता बाहेर यावी आणि तिच्यावर दातांचे ठसे उमटावेत. फाटली तर दात फार जवळ आहेत, ठसे उमटलेच नाहीत तर लांब. ह्या कामाला अर्धा तास लागतो आणि चिरंजीवांना गाडी कळते.

---

फुल्लथ्रॉटल | ५ मे, सकाळी १०:१०

काका, मान्य, पण १४४००१ ला लगेच अॅल्युमिनियमचे आर्म, सी-हब (पुढचं चाक धरणारा भाग), सगळं टाकून घ्यावं. मग तुटायचा प्रश्नच नाही.

---

स्परगियर | ५ मे, सकाळी १०:४५

नका टाकू. आर्म प्लास्टिकचा असतो तो कंपनी कंजूष म्हणून नव्हे. टायरावर आदळल्यावर धक्का कुठेतरी जाणार. प्लास्टिक वाकतं, फारच झालं तर तेवढंच तुटतं. आर्म धातूचा केला की धक्का पुढे सरकतो : पिनवर, बल्कहेडवर (आर्म ज्यावर बसतो त्यावर), शेवटी चासीवर. आणि अॅल्युमिनियम एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं, गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. स्टीअरिंगचे भाग धातूचे करायला हरकत नाही, तिथे ढिलेपणा कमी होतो. बाकी सगळं मऊच बरं.

---

आरती_टिळकनगर | ५ मे, दुपारी २:३०

माझ्या भाच्याकडे असली गाडी आहे. तिची बॅटरी चार्ज करताना फुगली आणि वास आला म्हणून वहिनीने अंगणात फेकली. ह्या लिपो बॅटऱ्या घरात ठेवणं कितपत सुरक्षित आहे? लहान मूल असलेल्या घरासाठी विचारतेय. सगळे वेगाबद्दलच बोलतायत.

---

स्परगियर | ५ मे, रात्री ८:००

आरतीताई, बरं झालं विचारलंत. खरं तर हा प्रश्न पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता, चूक माझी.

लिपोच्या एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.७, भरलेला ४.२. त्याच्या वर गेलं तर धोका, ३ च्या खाली गेलं तर सेल खराब. खराब सेल पुन्हा चार्ज करताना फुगतात. भाच्याच्या बॅटरीचं बहुधा हेच झालं असणार, गाडी अडखळायला लागल्यावरही पळवत राहिली असेल. म्हणून स्पीड कंट्रोलरमध्ये लो व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज फार उतरला की गाडी थांबवणारी सोय) आहे का आणि असेल तर चालू आहे का, हे आधी बघायचं.

चार्जर बॅलन्सवाला हवा, दोन्ही सेल सारखे भरणारा. करंट १ सी, म्हणजे १५०० एमएएचच्या बॅटरीला १.५ अँपिअर. चार्ज करताना माणूस त्याच खोलीत जागा असला पाहिजे. रात्री लावून झोपणे हा प्रकार बंद. मी मातीच्या रिकाम्या कुंडीत बॅटरी ठेवून चार्ज करतो, खाली फरशी, आजूबाजूला पडदा-चटई काही नाही. लिपोची पिशवी मिळते तीही चांगली. आठवडाभर वापरणार नसाल तर सेल ३.८ वर आणून ठेवायचा, चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ असतं त्यासाठीच. भरलेली बॅटरी कपाटात ठेवणं वाईट, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डिकीत ठेवणं त्याहून वाईट.

फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. बाहेर उघड्यावर ठेवून मग ई-कचऱ्यात. आपल्या शहरात कचरा वेगळा करण्याचं शिक्षण तर सगळ्यांना झालेलं आहेच.

मूल बारा वर्षांचं असेल तर गाडी त्याची, चार्जर आईबापांचा. हा नियम माझ्या घरी नातवालाही आहे.

---

आरती_टिळकनगर | ५ मे, रात्री ८:२५

धन्यवाद. वहिनीला पाठवलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

फ्रीमाँटचा_बंडू | ६ मे, सकाळी ९:४०

मूळचा इंदुरच्या रामबागेतला, आता कॅलिफोर्निया. हा धागा बघून राहवलं नाही.

सगळे १४४००१ म्हणतायत ते व्यवहाराला धरून आहे, पण त्या दोन ‘जुन्या’ टू व्हील ड्राइव्ह बग्ग्यांकडे दुर्लक्ष करू नका. चार चाकांना ताकद असलेली गाडी वळणातून स्वतःच स्वतःला ओढून काढते, ड्रायव्हरची चूक पोटात घालते. टू व्हील ड्राइव्ह ती तुमच्या तोंडावर फेकते. वळणात ट्रिगर जास्त दाबलात की मागचा भाग पुढे येतो. ब्रेकही फक्त मागच्या चाकांना, म्हणून वळणात शिरल्यावर ब्रेक मारलात की गरकन फिरते. सरळ पट्टा संपण्याआधीच ट्रिगर सोडायला शिकावं लागतं. दोन महिने असली गाडी चालवलेला मुलगा नंतर कुठलीही चालवतो.

ह्यातही मोटर कुठे आहे ते बघा. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे मोटर असेल तर वजन मागच्या चाकांवर पडतं आणि सुट्या, निसरड्या मातीत पकड मिळते. इकडे गालिच्यावर आणि कृत्रिम गवतावर शर्यती होतात, तिथे पकड इतकी असते की मोटर मध्ये सरकवली. तुमच्या मुरमावर मागे मोटर असलेलीच बरी.

तामियाची ग्रासहॉपर आणि हॉर्नेट दोन्ही १९८४ च्या. अजूनही त्यांची नवी किट निघतात. ग्रासहॉपरला ३८० ची लहान मोटर, हॉर्नेटला ५४० ची. सस्पेन्शन हास्यास्पद आहे, मागचा अख्खा गिअरबॉक्सच वरखाली होतो, त्यामुळे उडी मारली की गाडी बेडकासारखी टणटणत जाते. पण बाप-लेकाने दोन संध्याकाळी बसून ती जोडायची हा अनुभव तयार गाडीत नाही. जी गाडी स्वतः जोडली ती तुटल्यावर मूल रडत नाही, स्क्रू ड्रायव्हर मागतं. (तामियाचे स्क्रू प्लसचे आहेत. चांगला ड्रायव्हर घ्या, नाहीतर डोकी गुळगुळीत होतात.)

त्याच १९८४ साली इकडे असोसिएटेडची आरसी१० आली, सोनेरी अॅल्युमिनियमच्या चासीची. खेळणं आणि शर्यतीचं यंत्र यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या मला वाटतं तिथून. मी लहानपणी रामबागेत ती फक्त चित्रात पाहिली होती. इकडे आल्यावर पहिल्या पगारातून जुनी विकत घेतली. बायको अजून विचारते, शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी ही काय आहे.

---

पोहेजिलबी | ६ मे, सकाळी १०:०५

वाहन आहे म्हणून सांगा. उंदराला सर्व्हिसिंगला टाकलंय.

---

सुदामानगरी | ६ मे, रात्री १०:३०

बंडूशेठ, किटचं वाचून मन डळमळलं. टीटी-०२बी चं किट घेतलं तर? ती फोर व्हील ड्राइव्ह पण आहे आणि जोडायची पण.

---

स्परगियर | ७ मे, सकाळी ६:२०

चांगली गाडी आहे. शाफ्ट ड्राइव्ह, पुढे-मागे गिअर डिफ, ऑइलचे शॉक. पण किटमध्ये रेडिओ, सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर), बॅटरी, चार्जर यांतलं काही येत नाही. २५ हजारांत हे सगळं बसवताना तुम्ही सर्व्होवर काटकसर कराल आणि महिनाभर स्टीअरिंगला शिव्या द्याल. शिवाय १/१० ची गाडी १/१४ च्या घोळक्यात. पुन्हा तोच प्रश्न.

अवांतर : तामियाचा स्पर ०.६ मॉड्यूलचा असतो, अमेरिकन गाड्यांचा ४८ पिचचा, म्हणजे दातांची मापं वेगळी. दिसायला सारखेच. एकमेकांत फिरवलेत तर पाच मिनिटांत प्लास्टिकची शेव पडते. खायची नाही.

---

नवलखी | ७ मे, सकाळी ११:१५

बडोद्याहून. बाहेरून मागवणार असाल तर माझं ऐका. मी गेल्या वर्षी परदेशातून एक गाडी मागवली. स्वस्त पडेल असं वाटलं होतं. पार्सल पाच आठवडे अडकलं, मग ड्युटीचा आकडा आला तो पाहून पाणी प्यायलो. कुरिअरवाल्याने वर स्वतःचं शुल्क लावलं ते वेगळंच. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी. गाडी खेळणं म्हणून धरली गेली की संपलंच. वायरलेस उपकरण म्हणून कागदपत्रं मागतात ती आणखी निराळी. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बरेच जण नकारच देतात, म्हणजे बॅटरी तशीही इथेच घ्यावी लागते.

देशातल्या दुकानदाराकडून घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी झोप लागते.

आमच्याकडे नवलखी मैदानाची माती रेताड, तिथे पिनवाले टायर मस्त चालतात. तुमच्या काळ्या मातीचं माहीत नाही.

---

लष्करी_बाणा | ७ मे, दुपारी ४:००

ग्वाल्हेर, लष्कर. एक किस्सा. जानेवारीत शॉकमधलं ऑइल गळालं. सिलिकॉन ऑइल यायला आठवडा लागणार होता. आमच्या बंधुराजांनी डोकं चालवून खोबरेल तेल भरलं. दुपारी गाडी सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेळा मैदानावर, ग्वाल्हेरची थंडी, गाडी ठेवली तर चारही शॉक दगड. खाली दाबले की खालीच. गाडी शेपूट घातलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती. शेवटी चहाच्या टपरीवरच्या शेगडीशी शेकून सोडवले.

---

स्परगियर | ७ मे, संध्याकाळी ७:१०

हसून पुरेवाट झाली. मोटरसायकलचं फोर्क ऑइलही घालू नका कोणी, काही ओ-रिंगा त्याने फुगतात आणि दांडी अडकायला लागते. सिलिकॉनच हवं.

---

पेठकर | ७ मे, रात्री ९:००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

पोहेजिलबी | ७ मे, रात्री ९:०४

पेठकरांनी काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. ‘पुण्यात यापेक्षा चांगले ट्रॅक आहेत.’

---

स्परगियर | ८ मे, सकाळी ६:४०

टायरचा विषय नवलखींनी काढला म्हणून. माळव्याची काळी माती हा वेगळाच प्राणी आहे. पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. मे महिन्यात शेतात बोटभर रुंद भेगा दिसतात, १/१४ चं चाक त्यात अडकून गाडी नाकावर उभी राहते. म्हणून त्या मंडळींनी मुरूम टाकलाय ते शहाणपण आहे. मुरमावर सकाळी हलकं पाणी शिंपडलं की धूळ बसते आणि दोन तास उत्तम पकड मिळते. ऊन चढलं की वरचा थर सुटतो आणि बारीक खड्यांवरून गाडी बर्फावरून जावी तशी जाते. तेव्हा टायरपेक्षा ट्रिगरच्या बोटाचा उपयोग जास्त.

टायर मऊ रबराचे, लहान पिनांचे. आतला फोम ओला होऊ देऊ नका. टायर रिमला नीट चिकटलाय का ते बघा, सुटला असेल तर फेविक्विकचे तीन-चार थेंब.

आणि कॉलनीत पळवायची म्हणताय म्हणून सांगतो. पेव्हर ब्लॉकवर आणि डांबरावर हे टायर महिन्यात गुळगुळीत होतात. जुना सेट कॉलनीसाठी, नवा ट्रॅकसाठी. मुलाच्या रिमोटच्या ट्रिगरमागे खोडरबराचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवा, ट्रिगर अर्धाच दाबला जाईल. माझ्या नातवाचं खोडरबर तीन महिन्यांनी काढलं. काढलं त्या दिवशी त्याने माझा शेवग्याचा रोप तोडला.

पहिला सराव : मैदानावर दोन चपला दहा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा. गाडी आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, सगळे नवशिके तिथेच मार खातात. आठच्या आकड्यात ते दर पाच सेकंदांनी उलटसुलट होतं. पन्नास फेऱ्या न चुकता झाल्या की ट्रॅकवर या.

---

फुल्लथ्रॉटल | ८ मे, सकाळी ९:३०

काका, एक प्रामाणिक प्रश्न. मग ब्रशलेस कधी घ्यावी?

---

स्परगियर | ८ मे, दुपारी १:००

प्रामाणिक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर. ब्रश्ड मोटरच्या पूर्ण ताकदीने तुम्ही पाच मिनिटं एकही चूक न करता पळवू शकलात की. मी अजून शकलेलो नाही.

हिशोब मात्र करून देतो, कारण केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे तो आकडा) बघून सगळे भुलतात. ३००० केव्हीची मोटर, ७.४ व्होल्ट : मिनिटाला २२,२०० फेरे. मोटर ते चाक एकूण गुणोत्तर १० असेल तर चाकाचे २,२२० फेरे. चाक ८५ मिमी व्यासाचं असेल तर परीघ ०.२६७ मीटर. गुणाकार करा, ताशी ३५-३६ येतात. त्या २२ मीटरच्या पट्ट्याला हेही पुरून उरतं. पिनियन मोठा लावला तर वेग वाढतो आणि मोटर तापते. मोटरवर बोट ठेवून तीन सेकंदही धरवत नसेल तर पिनियन एकदोन दातांनी लहान करा. आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळिशीपार असते, मोटरला थंड व्हायला जागाच नाही. साडेसहाला सुरू करून नऊला आटोपा.

---

फुल्लथ्रॉटल | ८ मे, दुपारी १:२०

अनुमोदन द्यावं लागतंय, त्रास होतोय.

---

सुदामानगरी | २४ मे, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. वृत्तांत देणं लागतो.

१४४००१ घेतली, देशातल्याच दुकानातून, सोबत दोन जास्तीच्या बॅटऱ्या, बॅलन्स चार्जर, लिपोची पिशवी आणि षटकोनी पान्यांचा सेट. १८ हजारांत सगळं. सौ. ना १५ सांगितलेलं १६ वर मिटवलं.

काकांच्या सांगण्यावरून आधी उघडली. चिरंजीवांनी कागदाची पट्टी फिरवली, पहिल्या फटक्यात फाटली. सैल केलं, मग ठसे उमटले. तो कागद त्याने वहीत चिकटवून ठेवलाय. दशहरा मैदानावर दोन आठवडे चपलांभोवती आठचे आकडे. एका संध्याकाळी एक चप्पल गाईने नेली.

आज पहिली शर्यत. सात गाड्या, पाच मिनिटं. बंडूशेठनी ज्यांचं कौतुक केलं त्या दोन टू व्हील ड्राइव्हवाल्यांपैकी एक गृहस्थ (वय ६० च्या पुढे) सगळ्या १४४००१ वाल्यांच्या पुढे होते. ते ट्रिगर कधी दाबतायत तेच कळत नव्हतं, गाडी रुळावरून गेल्यासारखी. मी तिसऱ्या मिनिटाला हुशारी करायला गेलो, उडीवर ट्रिगर सोडलाच नाही, आणि स्कूटरच्या टायरावर बरोब्बर पुढचं उजवं चाक. सी-हब गेला. पूर्ण माझी चूक.

मग काकांचा तो डबा खरा ठरला. पुढच्याच गाडीच्या मालकाने स्वतःच्या डब्यातून सी-हब काढून दिला, वर बसवूनही दिला, आणि दुसऱ्या शर्यतीत मला दोन फेऱ्यांनी मागे टाकलं. छप्पन दुकानला पोहे माझ्याकडून, असं ठरलंय.

एक गोष्ट इथे कोणी सांगितली नव्हती. आपली शर्यत झाली की पुढच्या शर्यतीत ट्रॅकच्या कडेला उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. मार्शल म्हणतात. चिरंजीवांना गाडी चालवण्यापेक्षा तेच जास्त आवडलं. इंजिनवाल्या काकांची गाडी उलटली तेव्हा हातमोजा घालून उचलली, आणि काकांनी त्याला सायलेन्सर कुठे पकडू नये ते दाखवलं. दुसऱ्या शर्यतीत त्याने चालवली, खोडरबर लावून. सातात सहावा.

आता प्रश्न. जूनमध्ये पाऊस सुरू होईल. ट्रॅकवाले म्हणतात चालू ठेवू. काळ्या मातीत टायरांचे लाडू होणार हे दिसतंय. काय करावं?

---

लष्करी_बाणा | २४ मे, रात्री १०:१५

खोबरेल तेल.

---

स्परगियर | २५ मे, सकाळी ६:१०

सातात सहावा, छान. त्याला सांगा मार्शलगिरीत उलटलेली गाडी सरळ केली की मालकाच्या चाकांची दिशा बघून ठेवायची, नाहीतर तो बिचारा उलटा निघतो.

पावसाचं म्हणाल तर पहिल्या सरीनंतर दोन-तीन दिवस ट्रॅकवर पायही ठेवू नका, चाकांनी जे चर पडतील ते वाळून दगड होतील आणि सप्टेंबरपर्यंत तेच राहतील. ट्रॅकवाल्यांना सांगा, पाऊस यायच्या आत मधल्या भागाला उतार देऊन बाजूने चर काढा आणि आणखी एक ट्रॉली मुरूम टाका. पुढच्या रविवारी मी येतो, लेव्हलची नळी घेऊन. ह्या वयात फावडं चालत नाही, ते तुम्ही आणा.

---

फुल्लथ्रॉटल | २५ मे, सकाळी ९:००

फावडं मी आणतो. आणि, अं, कालच एक १४४००१ ऑर्डर केली आहे. कोणी काही बोलू नका.